मधुमेहपूर्व अवस्थेचे निदान आणि त्यास द्यावयाचा प्रतिसाद : भारतीय शरीरप्रकृतीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

अनेक महाविद्यालयांत वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य तपासणी शिबिर घेतले जाते. सकाळी उपाशीपोटी रक्ताचे नमुने दिले जातात आणि दोन-तीन दिवसांनी अहवालांची पाकिटे विभागाविभागांत पोहोचतात. त्यांपैकी काही अहवालांत रक्तशर्करेच्या आकड्यापुढे एक लहानशी खूण असते. उपाशीपोटी साखर ११२, तीन महिन्यांची सरासरी ६.० टक्के. हा आकडा मधुमेहाचा नसतो आणि निरोगीपणाचाही नसतो. वैद्यकशास्त्र या अवस्थेस मधुमेहपूर्व अवस्था किंवा प्री-डायबेटिस असे म्हणते.

असा अहवाल हाती आल्यावर साधारणतः दोन प्रकारच्या प्रतिक्रिया दिसून येतात. 'अजून साखर कुठे झाली आहे?' असे म्हणून कोणी अहवाल कपाटात ठेवून देतो. दुसरा कोणी त्याच दिवसापासून भात, आंबा, बटाटा हे सारे वर्ज्य करतो आणि महिनाभरात थकून पूर्ववत वागू लागतो. या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी निदानाचा अर्थ नीट न समजणे हेच कारण आहे. या निदानाचा नेमका अर्थ काय, भारतीय शरीराच्या बाबतीत त्याचे विशेष महत्त्व कोणते आणि त्यास शास्त्रीय पुराव्याच्या आधारे कोणता प्रतिसाद द्यावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निदानाचा अर्थ

आपण खाल्लेल्या अन्नातील पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर होते. हे ग्लुकोज रक्तातून स्नायूंत व इतर पेशींत पोहोचविण्याचे आणि यकृतातून ग्लुकोज बाहेर पडण्यावर नियंत्रण ठेवण्याचे कार्य इन्सुलिन हे संप्रेरक करते. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. पोटात, यकृतात व स्नायूंत चरबी साठू लागली आणि स्नायूंचा वापर कमी झाला, की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. प्रारंभी बीटा पेशी अधिक इन्सुलिन स्रवून ही उणीव भरून काढतात. त्यांची क्षमता अपुरी पडू लागली म्हणजे रक्तशर्करा हळूहळू चढू लागते. या चढणीच्या मधल्या टप्प्यास मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. या टप्प्यावर बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही. म्हणूनच तपासणीवाचून ती कळत नाही.

तिचे निदान तीन प्रकारे होते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषानुसार उपाशीपोटी रक्तशर्करा १०० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी ५.७ ते ६.४ टक्के असल्यास ही अवस्था मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र उपाशीपोटीच्या चाचणीसाठी ११० ही खालची मर्यादा कायम ठेवली आहे. म्हणजे १०४ हा आकडा एका निकषाने मधुमेहपूर्व ठरतो आणि दुसऱ्याने सामान्य ठरतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रक्तशर्करेचा चढ सलग असतो. त्यावरील रेषा सोयीसाठी आखलेल्या असतात. हे निदान संभाव्यतेचे विधान आहे. ते जसे दोषारोप नव्हे, तसे अटळ भविष्यकथनही नव्हे.

पहिला प्रतिसाद : फेरतपासणी

निदानानंतरची पहिली कृती आहाराविषयीची नसून पडताळणीची असावी. तापातून उठल्यानंतर, स्टेरॉइडची औषधे चालू असताना किंवा रात्री उशिरा जेवून सकाळी लवकर रक्त दिल्यास उपाशीपोटीचा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून तो वेगळ्या दिवशी पुन्हा पाहणे योग्य ठरते.

एचबीए१सी या चाचणीविषयी भारतात अधिक सावध राहणे आवश्यक आहे. ही चाचणी तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजचे प्रमाण मोजते. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात हे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसू शकते, तर तांबड्या पेशी लवकर नष्ट होण्याच्या विकारांत ते कमी दिसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा परिस्थितीत एखाद्या प्राध्यापिकेचे एचबीए१सी ५.९ आले, तर हिमोग्लोबिन न पाहता निष्कर्ष काढणे उचित नव्हे.

शक्य असल्यास ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करावयाची चाचणी करून घ्यावी. ती वेळखाऊ असल्याने टाळली जाते. तथापि केवळ उपाशीपोटीची साखर वाढलेली असणे आणि जेवणानंतरची साखर वाढलेली असणे या दोन भिन्न स्थिती आहेत. त्यांचा उपायांना मिळणारा प्रतिसादही भिन्न असतो, हे पुढे दिसून येईल. याच सुमारास रक्तदाब, रक्तातील मेद, कुटुंबातील मधुमेहाचा इतिहास आणि स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणातील मधुमेहाचा पूर्वेतिहास यांची नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. कारण धोका एकट्या आकड्यावरून ठरत नाही.

'मी तर सडपातळ आहे' : एक घातक गैरसमज

स्टाफरूममध्ये वारंवार ऐकू येणारे एक वाक्य म्हणजे, 'माझे वजन बेताचे आहे, मला साखर कशी होईल?' या समजाचे खंडन करणारे महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांशी तुलना करणारे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याकडील बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तिकडील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बालके आकाराने लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. मात्र पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कृश दिसणारे पण चरबीयुक्त, असे हे शरीर जन्मापासूनच घडत असल्याचे यावरून सूचित झाले.

पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३ इतकाच होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. वजनकाटा आणि उंचीची पट्टी यांना हा फरक दिसत नाही.

हा विचार आपल्या परंपरेस अगदीच अपरिचित नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे रुग्ण स्थूल आणि कृश अशा दोन प्रकारांत सांगितले असून त्यांच्यासाठी भिन्न उपचार सुचविले आहेत. प्रमेह आणि आजचा मधुमेह ही एकच संज्ञा मानता येणार नाही. तरीही कृशता हे संरक्षण नव्हे, ही जाणीव तेथे दिसते.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की भारतीयांनी वजनापेक्षा कमरेच्या घेराकडे अधिक लक्ष द्यावे. पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आपल्यासाठी वापरली जाते. बीएमआयच्या बाबतीतही २३ पासून जादा वजन मानण्याचा निकष भारतीयांसाठी स्वीकारला गेला आहे.

पुरावा काय सांगतो?

जीवनशैलीत बदल केल्यास मधुमेह टळतो किंवा लांबतो, हे विधान आता केवळ उपदेशाचे राहिलेले नाही. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये ३३ दवाखान्यांतील ५७७ व्यक्तींवर प्रयोग सुरू झाला. सहा वर्षांनंतर नियंत्रण गटातील ६७.७ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला होता. आहार, व्यायाम किंवा दोन्ही बदलणाऱ्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ टक्क्यांदरम्यान होते. विशेष म्हणजे सडपातळ आणि जादा वजनाच्या, अशा दोन्ही प्रकारच्या व्यक्तींना सारख्याच प्रमाणात लाभ झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीस वर्षांच्या पाठपुराव्यानुसार या सहा वर्षांच्या प्रयत्नांमुळे मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षांनी लांबला आणि हृदयविकार व मृत्यूंचे प्रमाणही घटले. फिनलंडमधील २००१ चा आणि अमेरिकेतील २००२ चा, अशा दोन्ही अभ्यासांत मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. अमेरिकी अभ्यासात वजन ७ टक्क्यांनी घटविणे व आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम करणे हे उद्दिष्ट होते.

आपल्या दृष्टीने सर्वांत बोलका अभ्यास म्हणजे चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेला व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम होय. त्यातील ५३१ व्यक्ती प्रामुख्याने नोकरदार मध्यमवर्गातील होत्या. त्यांचे सरासरी वय सुमारे ४६ वर्षे होते. म्हणजेच स्टाफरूममधील एखाद्या टेबलाभोवती बसणारेच हे लोक. दोन वेळा ग्लुकोज चाचणी करून ज्यांची मधुमेहपूर्व अवस्था निश्चित झाली, त्यांनाच यात घेतले होते. तीन वर्षांत नियंत्रण गटातील ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. जीवनशैलीत बदल करणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के, मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ४०.५ टक्के आणि दोन्ही करणाऱ्या गटात ३९.५ टक्के होते.

या आकड्यांतून चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आपल्याकडे ही अवस्था झपाट्याने पुढे सरकते. 'आहे तसे चालू द्यावे' हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत मोठी असते. दुसरी, जीवनशैली गटाचे वजन लक्षणीय घटले नव्हते, तरीही लाभ झाला. ज्याच्याजवळ घटविण्याजोगे वजनच फारसे नाही, त्याच्यासाठी ही आशेची गोष्ट आहे. तिसरी, या अभ्यासात औषध व जीवनशैली एकत्र केल्याने अधिकचा लाभ मिळाला नाही. चौथी गोष्ट कटू असली, तरी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रयत्न करणाऱ्या गटातीलही जवळजवळ चाळीस टक्के व्यक्तींना मधुमेह झालाच. गणित मांडले तर साधारणतः सहा-सात व्यक्तींनी तीन वर्षे प्रयत्न केल्यास त्या काळात एकाचा मधुमेह टळतो. म्हणून पथ्य पाळूनही साखर वाढली, तर तो त्या व्यक्तीच्या चारित्र्याचा पराभव मानू नये. आनुवंशिकता, गर्भावस्थेतील पोषण आणि वय या बाबी कोणाच्याही हातात नसतात.

चेन्नईतच झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डी-क्लिप या अभ्यासात ५७८ व्यक्ती होत्या. त्यात जीवनशैलीबरोबर गरजेनुसार मेटफॉर्मिन दिल्याने धोका ३२ टक्क्यांनी घटला. तथापि ज्यांची केवळ उपाशीपोटीची साखर वाढली होती, त्यांच्यात लाभ बराच कमी, १२ टक्क्यांच्या आसपास होता. दोन तासांच्या चाचणीचे महत्त्व येथे लक्षात येते.

दैनंदिन जीवनातील प्रतिसाद

अ) आहार : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणातील आहारविषयक माहितीवर आधारित २०२२ च्या विश्लेषणानुसार आपल्या आहारातील एकूण ऊर्जेपैकी साठ टक्क्यांहून अधिक वाटा पिष्टमय पदार्थांचा असतो. मधुमेहाकडे होणारी वाटचाल रोखण्यासाठी तो सुमारे ५४ ते ५७ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनांचा वाटा १६ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवावा, असे त्यात सुचविले आहे. हा बदल मर्यादित आहे. तीन पोळ्या आणि वर भात हे ताट दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, भाजी, कोशिंबीर आणि ताक असे मांडले, तर भाताचा एखादा घास उरतोच. भाकरी तंतुमय असल्याने उपयुक्त खरी. पण ज्वारीच्या तीन भाकऱ्या म्हणजेही पिष्टमय पदार्थांचा मोठा साठाच होय.

उपवासाचा विचार स्वतंत्रपणे करणे गरजेचे आहे. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टमय पदार्थ आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि गोड दूध हा उपवास साखरेच्या दृष्टीने नेहमीच्या जेवणाहून जड ठरतो. शेंगदाण्याची आमटी, थोडीशी भगर, दही व काकडी असा उपवास त्याहून बरा.

चहाकडेही पाहावे. एका कपात दोन चमचे साखर असेल, तर ती सुमारे आठ ते दहा ग्रॅम होते. तासिका, बैठक आणि पाहुणे मिळून पाच कप झाले, की चाळीस-पन्नास ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. दिवसभरातील मुक्त साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविले आहे.

आ) हालचाल : स्नायू आकुंचन पावताना ग्लुकोज स्वतःकडे ओढून घेतात आणि त्या वेळी ते इन्सुलिनवर पूर्णतः अवलंबून नसतात. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चाल विशेष उपयुक्त ठरते. चेन्नईच्या पहिल्या अभ्यासातही रोज किमान तीस मिनिटे भरभर चालणे हाच व्यायामाचा गाभा होता. स्नायूंचे प्रमाण मुळातच कमी असलेल्या आपल्या शरीरास आठवड्यातून दोन-तीन वेळा जोर, बैठका किंवा वजन उचलण्याचे व्यायामही आवश्यक आहेत. अध्यापक वर्गात उभा असतो. परंतु उत्तरपत्रिका तपासणे, संगणकावरील नोंदी आणि बैठका यांत त्याचे अनेक तास बसण्यात जातात. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठणे ही साधी बाब आहे, पण ती ठरवून करावी लागते.

इ) झोप व व्यसने : अपुरी झोप इन्सुलिनचा प्रभाव कमी करते आणि धूम्रपानाने मधुमेहाचा व हृदयविकाराचा, असा दुहेरी धोका वाढतो. परीक्षेच्या काळातील जागरणांचा हिशेब यात धरावा लागेल.

ई) औषध : मेटफॉर्मिन सर्वांनाच लागते असे नाही. वय कमी असणे, वजन बरेच जास्त असणे, गरोदरपणी मधुमेह झालेला असणे किंवा प्रयत्न करूनही साखर चढत राहणे, अशा वेळी डॉक्टर त्याचा विचार करतात. 'मधुमेह मुळापासून नाहीसा' करण्याची हमी देणारी चूर्णे आणि पेये यांस असा कोणताही पुरावा नाही.

कुटुंब आणि संस्था यांची भूमिका

निदान एका व्यक्तीचे असते; ताट मात्र घराचे असते. पुरुषास निदान झाल्यास घरातील स्वयंपाक बहुधा त्याच्या सोयीने बदलतो. तेच निदान गृहिणीला किंवा नोकरी सांभाळून स्वयंपाक करणाऱ्या प्राध्यापिकेला झाले, तर तिच्यासाठी वेगळे काही शिजत नाही. उरलेला भात तिच्याच ताटात येतो आणि फिरायला जाण्याचा वेळ तिच्या दिवसात सापडत नाही. म्हणून पथ्याचे ताट वेगळे न मांडता सर्वांचेच ताट बदलणे हे अधिक न्याय्य आणि टिकाऊ ठरते. आई-वडिलांपैकी एकास ही अवस्था असल्यास मुलांनाही धोका संभवतो, हे लक्षात घेता त्यात सर्वांचेच हित आहे.

महाविद्यालयालाही येथे वाव आहे. शिबिरात अहवाल वाटून काम संपत नाही. सीमारेषेवरील व्यक्तींची तीन महिन्यांनी फेरतपासणी करणे, हिमोग्लोबिनची चाचणी जोडणे, बैठकांत बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवणे आणि मैदान सकाळ-संध्याकाळ कर्मचाऱ्यांसाठी खुले ठेवणे यास फारसा खर्च येत नाही. याचा लाभ विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात २०२१ साली सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत होते आणि ग्रामीण व शहरी भागांतील हे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. तेव्हा हा शहरी सुखवस्तूंचा प्रश्न आहे, असे मानून चालणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मधुमेहपूर्व अवस्थेचे निदान हे धोक्याचे मोजमाप आहे. त्याची फेरतपासणी करून, हिमोग्लोबिन व इतर घटक पाहूनच अर्थ लावावा.

२. सडपातळ असणे हे भारतीयांसाठी पुरेसे संरक्षण नव्हे. वजनाबरोबर कमरेचा घेर आणि स्नायूंची ताकद यांकडे लक्ष द्यावे.

३. माफक पण सातत्यपूर्ण बदलांनी धोका निश्चितपणे कमी होतो आणि हा लाभ वजन न घटताही मिळू शकतो.

४. प्रयत्न करूनही मधुमेह झाल्यास तो अपराध नव्हे. दाचिंगचा अनुभव पाहता, लांबलेली प्रत्येक वर्षे हृदय, डोळे व मूत्रपिंड यांच्या दृष्टीने मोलाची असतात.

५. साखर पुन्हा सामान्य पातळीवर येणे शक्य आहे. अमेरिकी अभ्यासाच्या २०१२ मधील पाठपुराव्यात ज्यांची साखर एकदा तरी सामान्य झाली होती, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका ५६ टक्क्यांनी कमी आढळला. तरीही वर्षातून एकदा तपासणी चालूच ठेवावी.

अहवालाच्या पाकिटातील ती लहानशी खूण लक्षणे दिसण्यापूर्वी मिळालेली सूचना असते. जुन्या पिढीतील अनेकांना अशी सूचना मिळालीच नाही. त्यांना मधुमेह कळला तो न भरणाऱ्या जखमेवरून किंवा अंधुक झालेल्या दृष्टीवरून. आपल्याला ती वेळेवर मिळाली आहे. ती कपाटात बंद करून न ठेवता डॉक्टरांशी, घराशी आणि सहकाऱ्यांशी बोलावयास घेणे, हाच या निदानास द्यावयाचा पहिला आणि सर्वांत परिणामकारक प्रतिसाद होय.